हेडफोनवर आवाज नीट, फोनवर गायब: माइकच्या रेकॉर्डिंगमध्ये नक्की काय बिघडलंय?

वाचिक

डेस्कटॉप आहे, विंडोज ११. माइक डायनॅमिक (कॉइलवाला, बाहेरची वीज न लागणारा), मागे तीन पिनांचा एक्सएलआर कनेक्टर. त्याला ३ मीटरची तयार केबल लावली आहे: एका टोकाला एक्सएलआर, दुसऱ्याला ३.५ मिमीचा प्लग, प्लगवर दोन काळ्या पट्ट्या. तो कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या गुलाबी जॅकमध्ये. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये, स्टीरिओ, ४४१०० हर्ट्झवर. काम फक्त वाचनाचं, एकच आवाज, तोंड माइकपासून साधारण ३० सेंटिमीटरवर.

अडचणी तीन.

एक, आवाज फार लहान. विंडोजमध्ये लेव्हल १०० करूनही ऑडॅसिटीचं मीटर −४५ डेसिबलच्या वर जात नाही. बूस्ट +३० केला की −१५ पर्यंत येतं, पण मागे सरसर इतकी की ऐकवत नाही.

दोन, खाली सतत घूंऽऽ असा आवाज, आणि माउस हलवला की त्यात बारीक किरकिर मिसळते.

तीन, आणि हेच कळत नाहीये. तीच फाइल हेडफोनवर ऐकली तर वाचन स्पष्ट आहे, फक्त आवाज डोक्याच्या मधोमध न येता दोन कानांच्या बाहेर कुठेतरी पसरल्यासारखा वाटतो. एकच स्पीकर असलेल्या फोनवर लावली तर वाचन जवळजवळ नाहीसं होतं, सरसर आणि किरकिर मात्र शिल्लक. ब्राउझरमधल्या मीटिंगलाही समोरच्यांना काहीच ऐकू जात नाही, पण विंडोजच्या सेटिंगमधली पट्टी बोलताना व्यवस्थित हलते.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, दुसऱ्या प्रोग्राममध्ये रेकॉर्ड करून पाहिलं. फरक शून्य.

---

खटका

ड्रायव्हरला उगाच बदनाम केलंत. पट्टी हलतेय म्हणजे ड्रायव्हर, परवानगी, डिव्हाइसची निवड सगळं जागेवर आहे.

पुढे हा धागा वाचणाऱ्यांसाठी आधी एक चाळणी देऊन ठेवतो. दहा सेकंद गप्प राहून रेकॉर्ड करा आणि लहर मोठी करून बघा. रेषा काटेकोर सपाट आहे, मीटर जराही हलत नाही, तर आवाज संगणकाच्या आत अडलाय: परवानगी नाही, म्यूट आहे किंवा भलतंच डिव्हाइस निवडलंय. रेषेवर बारीक केसाळपणा दिसतोय, म्हणजे थोडी तरी सरसर येतेय, तर जॅकपासून प्रोग्रामपर्यंतचा रस्ता उघडा आहे. मग दोष बाहेर: माइक, केबल, प्लग, वीज. ही चाळणी लावल्याशिवाय सेटिंगांना हात लावू नका, कारण दहा ठिकाणी बदल करून ठेवले की मूळ दोष कुठला आणि आपण घातलेला कुठला हेच कळेनासं होतं.

सपाट रेषा असेल तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन या पानावर तीन खटके आहेत. सर्वात वरचा संपूर्ण संगणकासाठी, दुसरा ॲप्ससाठी, आणि खाली यादी संपल्यावर तिसरा, डेस्कटॉप ॲप्ससाठी. ऑडॅसिटीसारखे प्रोग्राम या तिसऱ्यात येतात, आणि तो खाली दडलेला असल्यामुळे नेमका तोच राहतो. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये याच नावाचं पान आहे. तिथे परवानगी दिल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागतो. लिनक्सवर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडून एफ४ दाबा, कॅप्चरचे खांब दिसतील. ज्या खांबाखाली कॅप्चर असं लाल अक्षरांत नाही, त्यावर जाऊन स्पेस दाबा.

ब्राउझरची परवानगी यापेक्षा वेगळी, प्रत्येक संकेतस्थळासाठी स्वतंत्र. पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर टिचकी मारली की तिथेच माइकची निवडही दिसते.

वाचिक, तुमच्या बाबतीत हे सगळं लागू नाही. तुम्ही तीन गोष्टी तपासून सांगा:

१. प्लग पुढून काढून मदरबोर्डच्या मागच्या गुलाबी जॅकमध्ये लावा. माउसची किरकिर राहते का?
२. माइकच्या धातूच्या अंगाला हात लावला की घूं कमी होतं, वाढतं की तसंच राहतं?
३. ऑडॅसिटीत एक लांब ‘आ’ रेकॉर्ड करा. कंट्रोल आणि १ एवढ्यांदा दाबा की पडद्यावर सेकंदाचा शंभरावा भाग उरेल. आता वरचा डावा चॅनेल आणि खालचा उजवा चॅनेल एकमेकांशी ताडून बघा. दोन्हींचे डोंगर एकाच वेळी वर जातात का?

तिसरीचं उत्तर काय येणार याचा अंदाज आहे, पण आधी बघून सांगा.

---

शून्य डेसिबल

लेव्हलबद्दल. डायनॅमिक माइक मुळातच कमी वीज देतो, त्यात बिघाड काही नाही. शुअरच्या एसएम५८ ची संवेदनशीलता १ पास्कल दाबाला १.८५ मिलिव्होल्ट आहे, म्हणजे −५४.५ डीबीव्ही (१ व्होल्टच्या तुलनेत डेसिबल). १ पास्कल म्हणजे ९४ डेसिबलचा आवाज, चक्क ओरडणं. शांतपणे वाचताना माइकवर पडणारा दाब याच्या कितीतरी खाली असतो, त्यामुळे हातात मिलिव्होल्टचा अंशच पडतो. गुलाबी जॅक बनवलाय इलेक्ट्रेट माइकसाठी (जॅकमधूनच वीज घेणारा छोटा माइक), जो त्याच आवाजाला साधारण १० मिलिव्होल्ट किंवा जास्त देतो. म्हणजे १५ ते २० डेसिबलची तूट सुरुवातीलाच. ती भरून काढायला तुम्ही बूस्ट लावता, आणि बूस्ट आवाजासोबत जॅकच्या सर्किटची स्वतःची सरसरही तेवढीच उचलतो.

फुकटातला उपाय अंतराचा. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात. ३० सेंटिमीटरवरून साडेसातवर आलात की १२ डेसिबल, आणि सरसर एका डेसिबलनेही वाढत नाही. तोंड माइकच्या नाकासमोर न ठेवता थोडं तिरकं ठेवा, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ ला फटके बसतील. जवळ गेल्यावर आवाजाचा खर्ज फुगतो. ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापलं की ताळ्यावर येतो.

उरलेल्या सरसरीसाठी ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन: एक-दोन सेकंद निव्वळ शांततेचा तुकडा निवडून प्रोफाइल घ्या, मग सगळं निवडून १२ डेसिबल, सेन्सिटिव्हिटी ६. त्यापुढे खेचलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो.

---

वाचिक

तपासलं.

१. मागच्या जॅकमध्ये माउसची किरकिर पूर्ण गेली. घूं आहे, पण कमी.
२. माइकला हात लावला की घूं बरंच कमी होतं.
३. डावा वर जातो तेव्हा उजवा खाली जातो. अगदी आरशातल्यासारखं. प्रत्येक डोंगराखाली दरी.

जवळ जाऊन वाचल्यावर लेव्हल −३३ पर्यंत आली, बूस्टशिवाय. नॉइज रिडक्शनही करून पाहिलं. हेडफोनवर सुधारलं, फोनवर वाचन अजून गायबच.

---

तारवाला

आरसा दिसला म्हणजे निकाल लागला. केबल चुकीची आहे. बिघडलेली नव्हे, चुकीच्या कामाला लावलेली.

एक्सएलआरच्या तीन पिनांमध्ये १ नंबर शिल्ड (तारांभोवतीची संरक्षक जाळी), २ नंबरवर आवाज सुलटा, ३ नंबरवर तोच आवाज उलटा. याला बॅलन्स्ड जोडणी म्हणतात. ३.५ मिमीच्या प्लगलाही तीनच भाग असतात: टिप, रिंग, स्लीव्ह. तयार केबल बनवणारे तीनाला तीन जोडून मोकळे होतात: २ टिपला, ३ रिंगला, १ स्लीव्हला. पण संगणकाचा जॅक बॅलन्स्ड नसतो, स्टीरिओ असतो. त्याला वाटतं टिपवर डावा चॅनेल आहे आणि रिंगवर उजवा. म्हणून तुमच्या डाव्या चॅनेलमध्ये वाचन सुलटं आणि उजव्यात तेच वाचन उलटं नोंदलं जातं.

हेडफोनवर दोन कानांना दोन वेगळे चॅनेल मिळतात, बेरीज होत नाही, म्हणून आवाज येतो. डोकं मात्र गोंधळतं, आवाज मध्यभागी बसत नाही. पसरल्यासारखं वाटतं असं तुम्ही लिहिलंत ते याचंच लक्षण. एका स्पीकरच्या फोनला दोन्ही चॅनेल मिसळावे लागतात. अधिक आणि उणे मिळून शून्य. ब्राउझरमधली मीटिंगही आवाज सहसा मोनो करूनच पुढे पाठवते, म्हणून तिथे तुमचा पत्ताच नाही. पूर्ण शून्य होत नाही कारण दोन चॅनेल तंतोतंत सारखे नसतात. १ डेसिबलचा फरक असला तर मिसळल्यावर मूळच्या साधारण विसाव्या भागाएवढं भूत मागे राहतं. फोनवर तुम्ही ऐकताय ते हे भूत.

आणि सरसर का उरते? ती प्रत्येक चॅनेलच्या सर्किटमध्ये स्वतंत्रपणे तयार होते, एकमेकींची उलट नसते, त्यामुळे कटत नाही. घूंची गोष्ट तर त्याहून वाईट. केबलच्या दोन तारांवर बाहेरून शिरलेलं घूं दोन्हींवर सारखंच, एकाच दिशेने असतं. बॅलन्स्ड यंत्र दोन तारांची वजाबाकी करतं, त्यात घूं उडतं आणि आवाज दुप्पट होतो. तुमचा फोन करतो बेरीज, त्यामुळे आवाज उडतो आणि घूं दुप्पट. एवढी चांगली युक्ती नेमकी उलटी वापरली गेलीय.

खात्री करायची असेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक्सएलआरच्या तोंडावर भोकांशेजारी १, २, ३ असे बारीक उठावाचे आकडे असतात. मल्टिमीटरची सळई आत जात नसेल तर भोकात पातळ तार घाला. २ आणि टिप बीप, ३ आणि रिंग बीप झालं की ही तीच केबल.

आता उपाय, कमी कष्टाच्या क्रमाने.

आजच्या आज मीटिंग चालवायची आहे: विंडोज आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एम एम एस वाय एस, टिंब, सी पी एल असं इंग्रजीत सलग टाइप करा. जुनं साउंड पॅनेल उघडेल. रेकॉर्डिंगच्या टॅबवर माइक, प्रॉपर्टीज, लेव्हल्स. मायक्रोफोनच्या सरकपट्टीशेजारी बॅलन्सचं बटण असेल तर दाबा आणि उजवा चॅनेल ० वर आणा. मग कापायला उलटा आवाजच उरत नाही. मिसळताना ६ डेसिबल जातील, पण ऐकू जाईल. काही ड्रायव्हर हे बटण देतच नाहीत, मग हा रस्ता बंद.

फक्त रेकॉर्डिंग करायचं आहे: स्टीरिओच करा आणि नंतर एक चॅनेल फेका. ऑडॅसिटीत थेट मोनो निवडू नका. बऱ्याचदा विंडोजच दोन चॅनेलची सरासरी काढून प्रोग्रामला देतं, म्हणजे फोनवर होतं तेच रेकॉर्ड करतानाच होईल, आणि मग परत मिळवायला काही उरणार नाही.

डाग देता (सोल्डरिंग करता) येतो: प्लग उघडा. रिंगवरची तार सोडवून स्लीव्हला, म्हणजे शिल्डच्या जागी जोडा. टिप आणि रिंग यांच्यामध्ये छोटा तुकडा टाकून दोन्ही एक करा. आता दोन्ही चॅनेलमध्ये एकच सुलटा आवाज जाईल, आणि प्रत्येक चॅनेलला निम्म्याऐवजी अख्खा व्होल्टेज मिळाल्याने ६ डेसिबल वाढतील. तोटा असा की जॅक इलेक्ट्रेटसाठी जी २ ते ५ व्होल्टची वीज बाहेर सोडतो, ती आता माइकच्या कॉइलमधून वाहू लागते. एक-दोन मिलिअँपिअरच असते, कॉइल जळत नाही, पण ती सतत एका बाजूला ओढलेली राहते. टिपच्या तारेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत टाकला, अधिकची बाजू जॅककडे, की ती वीज अडते.

माझं मत विचाराल तर हे सगळं तात्पुरतं आहे. डायनॅमिक माइकची जागा यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये (माइकचा आवाज मोठा करून यूएसबीने संगणकाला देणारा डबा), दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेल्या केबलने. गुलाबी जॅक आणि डायनॅमिक माइक यांची पत्रिका जुळत नाही.

---

वाचिक

हे वाचून डोकं जागेवर आलं, आवाजही येईल. एकच प्रश्न: आधीची अकरा प्रकरणं याच केबलने रेकॉर्ड झाली आहेत. ती सगळी पुन्हा वाचायची का?

---

तारवाला

मुळीच नाही. उलट ती वरच्यासारखा डाग दिलेल्या केबलपेक्षा स्वच्छ निघतील. दोन्ही तारांवरचा आवाज तुमच्याकडे वेगवेगळा नोंदलेला आहे, म्हणजे जी वजाबाकी यंत्राने करायची ती आता हाताने करता येईल. हे फाइलच्या प्रतीवर करा, मूळ तशीच ठेवा.

ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेनूत स्प्लिट स्टीरिओ टू मोनो. दोन वेगळे ट्रॅक होतील. फक्त खालचा निवडा, इफेक्ट मेनूत स्पेशल गटातलं इन्व्हर्ट लावा. आता पुन्हा तो ‘आ’ मोठा करून बघा: डोंगराखाली डोंगर आला पाहिजे. मग दोन्ही ट्रॅक निवडून ट्रॅक्स मेनूतलं मिक्स अँड रेंडर. दोन्हींची बेरीज होऊन एकच मोनो ट्रॅक मिळेल, आवाज ६ डेसिबलने वर, आणि तारांवरून शिरलेलं घूं बरंच कमी. सरसरही तुलनेने ३ डेसिबल खाली जाते, कारण दोन स्वतंत्र सरसरी मिळवल्या की त्या ६ ने नव्हे, ३ नेच वाढतात.

क्रम महत्त्वाचा. नॉइज रिडक्शन, नॉर्मलाइज, कॉम्प्रेसर यातलं काहीही या जोडणीच्या आधी लावू नका. नॉइज रिडक्शन दोन चॅनेलवर थोडं वेगळं काम करतं आणि मग वजाबाकी अर्धवट राहते. ज्या प्रकरणावर तुम्ही ते आधीच लावलंय, त्याची कच्ची फाइल शोधा.

---

शून्य डेसिबल

नॉइज रिडक्शनचा सल्ला मी घाईत दिला होता, मागे घेतो. तारवाला म्हणतात तो क्रम बरोबर. जोडणी, मग हाय-पास, मग गरज उरली तरच नॉइज रिडक्शन, सगळ्यात शेवटी लेव्हल.

---

खटका

राहिलं घूं.

माउसची किरकिर मागे गेल्यावर थांबली, तिचं कारण कॅबिनेटच्या आत आहे. पुढच्या जॅकची तार मदरबोर्डच्या कडेपासून ग्राफिक्स कार्ड आणि पॉवर सप्लायच्या बाजूने पुढे येते, आणि तिला शिल्ड असतंच असं नाही. माउस हलला, पान सरकलं की कार्ड वीज कमी-जास्त ओढतं आणि ते माइकच्या तारेत शिरतं. बूस्ट लावायचा असेल तर पुढचा जॅक वापरूच नये.

हात लावल्यावर घूं कमी होतं याचा अर्थ माइकचं धातूचं अंग ग्राउंडला नीट जोडलेलं नाही. तुमचं शरीर ते काम अर्धवट करून देतं. १ नंबर पिन ते स्लीव्ह बीप होतंय का बघा, केबल वाकवत वाकवत बघा, विशेषतः प्लगच्या मानेपाशी. शिल्डची जाळी तिथेच तुटते. हात लावल्यावर घूं वाढलं असतं तर दोष उलटा, शिल्डऐवजी आवाजाची तार अंगाला टेकलीय असं समजायचं.

घूं विजेच्या तारांचं आहे की दुसरं काही, हे डोळ्यांनी बघता येतं. शांततेचे पाच सेकंद निवडा, ॲनालाइझ मेनूत प्लॉट स्पेक्ट्रम, साइज १६३८४. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर ५०, १००, १५० वर सुळके. ६० चा असेल तर ६०, १२०, १८०. सुळके नसून सगळीकडे पसरलेला गालिचा दिसला तर ती सरसर आहे, तिला फिल्टर नाही, तिला गेनचाच (माइकचा आवाज आधीच नीट मोठा करण्याचा) उपाय.

लॅपटॉपवाल्यांनी चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून पाहावं. घूं गेलं तर ग्राउंड लूप (ग्राउंडच्या दोन वाटांमधून फिरणारी वीज) चार्जरमधून येतोय. लॅपटॉप आणि त्याला जोडलेला स्पीकर किंवा मॉनिटर एकाच विस्तार पट्टीवर लावल्याने बऱ्याचदा मिटतं. तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घूं जातं हे खरं, पण दोष आला की विजेला जायला तुमच्या ओठांसमोरचा माइक उरतो.

---

गोंगाट

मध्येच घुसतो, विषय जवळचा आहे. फोनबरोबर आलेला माइकवाला इअरफोन डेस्कटॉपच्या गुलाबी जॅकमध्ये लावला तर फार बारीक, डब्यातून आल्यासारखा आवाज रेकॉर्ड होतो. त्याच इअरफोनचा माइक फोनवर उत्तम चालतो.

---

तारवाला

तुमच्या प्लगवर तीन काळ्या पट्ट्या असतील, म्हणजे चार भाग. टिपवर डावा कान, पहिल्या रिंगवर उजवा कान, दुसऱ्या रिंगवर ग्राउंड, स्लीव्हवर माइक. ही सीटीआयए मांडणी, हल्लीचे फोन तीच पाळतात. काही जुन्या फोनांत शेवटच्या दोन जागा उलट होत्या, तिला ओएमटीपी म्हणतात. गुलाबी जॅक टिपवर आवाज शोधतो आणि स्लीव्हला ग्राउंड समजतो. त्याच्या दृष्टीने टिपवर जे आहे तो तुमचा डावा इअरफोन. तुम्ही माइकमध्ये नव्हे, इअरफोनमध्ये बोलताय. स्पीकरचा पडदा आवाजाने हलला की थोडी वीज करतोच, तो बारीक डब्बा आवाज तिथला. तपासायला रेकॉर्डिंग चालू ठेवून आधी माइकच्या भोकावर आणि मग डाव्या इअरफोनवर टकटक करा. लहर कुठे उडते ते दिसेल.

लागणारी वस्तू: एका बाजूला चार भागांची मादी, दुसऱ्या बाजूला तीन भागांचे दोन नर, एकावर हेडफोनचं चित्र आणि दुसऱ्यावर माइकचं. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या या दोन जोडण्या घेऊ नका. एक, दोन माद्या आणि एक नर असलेली. ती उलट दिशेची, वेगळे माइक-हेडफोन फोनला लावायची. दुसरी, दोघांनी एकत्र गाणी ऐकायची; तिच्यात माइकची तारच नसते.

लॅपटॉपला हेडफोन आणि माइक अशी दोन्ही चिन्हं असलेला एकच जॅक असेल तर तुमचा इअरफोन थेट चालेल, आणि तीन भागांचा सुटा माइक मात्र तिथे चालणार नाही.

---

गोंगाट

टकटक केली, डाव्या इअरफोनवरच उडतेय. कळलं. आणि ब्लूटूथ लावला तर असलं काही नको ना करायला?

---

खटका

तिथे वेगळं दुखणं. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की तो गाण्यांच्या मार्गावरून फोनकॉलच्या मार्गावर जातो. त्या मार्गावर नमुने सेकंदाला सहसा ८००० किंवा १६०००, म्हणजे आवाजाचा ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापला जातो. ऐकायला येणारं संगीतही त्याच क्षणी फोनसारखं होतं. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओ पद्धतीत हे बंधन सैल झालंय, पण हेडसेट आणि संगणक दोघांनाही ते यावं लागतं. तोवर ऐकायला ब्लूटूथ ठेवा आणि इनपुटला दुसरा कुठलाही तारेचा माइक निवडा. सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, इनपुट इथे तो बदलला की कानातला आवाज लगेच पूर्ववत होतो.

---

शून्य डेसिबल

वाचिक, इंटरफेस घेणारच असाल तर जोडताना होणाऱ्या चुका आताच सांगून ठेवतो.

एक्सएलआरची तार एक्सएलआरच्याच भोकात. इंटरफेसच्या कॉम्बो जॅकमध्ये मधोमध ६.३५ मिमीचं भोकही असतं. अडॅप्टर लावून माइक तिथे घातलात तर तो लाइन किंवा गिटारच्या मार्गावर जातो आणि गेन पुन्हा अपुरा पडतो. ४८ व्होल्टचं बटण डायनॅमिकला बंद, कंडेन्सर माइकला (ज्याला बाहेरून वीज लागते) चालू. बॅलन्स्ड केबलवर चुकून चालू राहिलं तर डायनॅमिकचं काही बिघडत नाही, पण तुमची ती जुनी तीन मीटरची केबल किंवा तिच्यासारखा कुठलाही अडॅप्टर मध्ये असेल तर बटणाला हात लावू नका.

डायनॅमिकला ५० ते ६० डेसिबल गेन लागतो, म्हणजे खुंटी जवळजवळ शेवटापर्यंत. घाबरू नका. सर्वात जोरात वाचाल ते वाक्य −६ च्या खाली राहील आणि नेहमीचं −१८ ते −१२ मध्ये खेळेल इतका ठेवा. लाल दिवा लागला की त्या जागी आवाज कायमचा चिरला. कमी पडलेली लेव्हल नंतर वाढवता येते, चिरलेली सांधता येत नाही.

माइक पहिल्या इनपुटमध्ये लावा आणि ऑडॅसिटीत मोनो निवडा. इथे मोनोची भीती नाही, कारण आता उलटा चॅनेल नाही. स्टीरिओ ठेवलंत तर आवाज फक्त डाव्या कानात येईल. इंटरफेस लावल्यावर ऑडॅसिटी आधीच उघडी असेल तर ऑडिओ सेटअपमध्ये रिस्कॅन ऑडिओ डिव्हाइसेस केल्याशिवाय तो यादीत दिसत नाही. विंडोजच्या साउंड पॅनेलमध्ये ॲडव्हान्स्डच्या टॅबवरचा नमुना-दर आणि ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट-दर एकच ठेवा, दोन्हीकडे ४८००० किंवा दोन्हीकडे ४४१००. विंडोजची आवाज ‘सुधारणारी’ एन्हान्समेंट्स सगळी बंद.

मधूनच टिकटिक आली तर हब काढून मागच्या यूएसबीत थेट लावा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. तरीही राहिली तर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम दहा मिनिटं चालवून ठेवा, कोणता ड्रायव्हर अडवतोय ते तो नावानिशी दाखवतो. पुष्कळदा वायफायचा निघतो.

---

वाचिक

पहिलं प्रकरण इन्व्हर्ट करून जोडलं. −३३ चं −२७ झालं, फोनवर वाचन स्पष्ट, घूं कान देऊन ऐकलं तरच कळतंय. पण चौथ्या प्रकरणात डोंगराखाली डोंगर येऊनही सुरुवातीची दोन मिनिटं आवाज पोकळ येतोय.

---

तारवाला

त्या दोन मिनिटांत एन्हान्समेंट चालू असणार, बहुतेक एको कॅन्सलेशन. ते दोन्ही चॅनेल आपल्या मनाने बदलतं, मग वजाबाकी जुळत नाही. तेवढ्या तुकड्यापुरता खालचा ट्रॅक सायलेन्स करा आणि वरचा ६ डेसिबलने वाढवा. सांध्यावर ५ मिलिसेकंदांचा फेड द्या, नाहीतर तिथे टक वाजेल.